शेरा

आधी फॅट लावतो, मग हे यंत्र.
गुंजीच्या डेअरीत, पहाटे साडेपाचला,
वजनकाट्याशेजारी खिळ्याला टांगलेलं,
साबणाच्या वडीएवढं.
घाटाखाली कैगा. वारं कधी तिकडून येतं,
कधी येत नाही. वासावरून कळत नाही,
म्हणून ही वही:
तारीख, वेळ, वारा, आकडा, शेरा.

चार वर्षं शेऱ्याचा रकाना कोरा.
शून्य पूर्णांक अकरा. बारा. परत अकरा.
पोरं म्हणतात, मामा, ह्याच्यापरास
फॅट तरी हलतंय की.

शनिवारी हल्याळकडच्या बसनं शिवलीला येते
तिच्या गावची वही घेऊन.
तिचे आकडे कन्नड, माझे आपले.
शून्य तेवढं दोघांचं सारखं,
तिथनं जुळवायला सुरुवात करतो.
गावाच्या पाटीला दोनदा डांबर फासून झालं,
ह्या यंत्राकडं अजून कुणी बघितलं नाही.

मंगळवारी ते टिकटिकायला लागलं.
पॉइंट नऊ. मग एकच्या वर.
कॅन हलवले. म्हशीचं बघितलं, गाईचं बघितलं,
पेंडीचं पोतं उलटं केलं.
मग यंत्र हातात धरून रांगेतनं चाललो,
एकेका किटलीला लावत,
आणि शट्टुप्पा घाडीपाशी ते ओरडलं.

चैत्रात मफलर.
त्यानं मला पिंपळाकडं नेलं, आणि स्वतःच
चार पावलं मागं सरला.
‘बेळगावात गळ्याच्या गाठीला औषध दिल्यात.
आठ दिवस पोरांना जवळ घेऊ नको म्हणाल्यात.’
घरात?
‘घोरतोय म्हणून गोठ्यात निजतो, असं सांगितलंय.
म्हशीची काय तक्रार नाही.
लिहू नको गा.’

खोटं लिहायचं नाही, हे ठरवलं मीच,
पहिल्या पानावर, लाल शाईत.
आकडा होता तसा लिहिला.
वारा: नाही.
शेऱ्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो,
शाईचा ठिपका झाला, तो तसाच ठेवला.

शिवलीलाचं बोट ठिपक्यावर थांबलं.
‘यारु?’ म्हणाली. कोण?
मी म्हटलं, उतरतोय.
तिनं तिच्या वहीत, त्याच तारखेला,
एक ठिपका दिला.

आता तो सगळ्यांच्या शेवटी येतो.
किटली ठेवतो, लांब उभा राहतो.
मी फॅट सांगतो सहा पूर्णांक दोन,
मग आवाज खाली घेऊन दुसरा आकडा.
‘बारकीला घेऊ काय?’
आठवा दिवस होऊ दे, शट्टुप्पा.
दवाखान्यात फोन लावू.