नेमप्लेट

सातपूरच्या शेडमागे, कूलिंग टॉवरच्या पंपावर
एक मोटर आहे, तीस हॉर्सपॉवरची.
नेमप्लेटवर रंगाचे इतके हात बसलेत
की आकडे बोटांनी चाचपून वाचावे लागतात.

मी क्लॅम्प मीटर लावला.
व्हॉल्व्ह अर्धा बंद, पंप पुऱ्या जोरात:
एका हाताने ढकलायचं, दुसऱ्याने अडवायचं,
आणि बिल दोन्ही हातांचं भरायचं.
"कोणी फिरवला व्हॉल्व्ह?"
कोणालाच माहीत नाही. चाक गंजून जाम,
ज्याने फिरवला तो बहुधा पेन्शनवर गेलाय.

दगू पगारेंना बोलावलं.
आयटीआय सिग्नलजवळ वाइंडिंगचं दुकान,
नखांत वॉर्निश.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
डोळे मिटून ऐकत राहिले
शेजारच्या पॉवर प्रेसचे ठोके वगळून.

"हिला मीच भरलीय, पोरी. तीनदा.
एकदा फेज गेला. एकदा उंदीर.
तिसऱ्यांदा तुमच्या साहेबांना सकाळी हवी होती,
मग जुनी तार काढायला भट्टी जरा जास्तच पेटवली.
तेव्हापासून कोर तापतो.
चालते बिचारी, कुरकुर नाही.
पण खाते."

"मग, चौथ्यांदा?"

वेस्टच्या बोळ्याने ते हात पुसत राहिले,
हात कधीचे पुसून झाले होते तरी.
चौथ्यांदा म्हणजे त्यांचे दहा हजार,
आणि दुकानात आता पोऱ्या एकच.

"नको भरूस. नीट मोजून घे,
वीसची पुरेल. नवी घे, आयई-थ्री.
व्हॉल्व्ह सगळा उघड, आणि वर तो
ड्राइव्ह लाव."
ड्राइव्ह असं म्हणाले
जसं नव्या जावयाचं नाव घ्यावं.

नवी बसली त्या रात्री
वॉचमन दोनदा टॉर्च घेऊन येऊन गेला,
बंद पडली की काय म्हणून.
हात ठेवून पाहिला: थरथर होती,
कोमट, मांजराच्या पाठीएवढी.

जुनी भंगारात गेली, तांब्याच्या भावाने.
पगारेंनी फक्त पत्रा मागून घेतला,
थिनरने घासला दुकानाच्या पायरीवर.
व्होल्ट निघाले, अँपिअर निघाले, आरपीएम,
साल सत्त्याऐंशी.

कार्यक्षमतेचा रकाना शोधला मी.
नव्हताच.
"तेव्हा कोण विचारायचं," ते म्हणाले,
आणि पुढचा आर्मेचर उचलायला वाकले.