मानस, दुरुस्ती

चोडणहून कागद आले ते काजूच्या पोत्यांतून,
फेरीबोटीवर, दोन कोंबड्या आणि एका स्कूटरच्या सोबतीने.
पावती मीच फाडली: पोती अकरा,
पैकी एक ओलं.

मग तीन महिने पणजीतली ही खोली.
मऊ कुंचला, टिपकागद, तोंडाला फडकं.
शाईनं अक्षरांच्या जागी भोकं पाडलेली.
काही पानं खिडकीशी धरली की
मजकूर समोरच्या भिंतीवर पडतो.
कसरीचा आता राग येत नाही.
ती निदान शेवटपर्यंत जाते.

कराडचा धैर्यशील नवा आहे,
मोडी माझ्यापेक्षा भरभर वाचतो.
त्यानं एक्केचाळीस फायलींपुढे
विषयाच्या रकान्यात लिहिलं: मनोविकार.
कारण पानोपानी तेच,
"मानस फुटले. मानसास नवीन फळ्या.
मानसावर रात्रीची राखण, असामी दोन.
मानसातून खारे पाणी आत आले. पीक गेले."

मी इतकी हसले की लिबर्ताबाई
डबा हातात घेऊन बघायला आल्या.
अरे, मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं,
पाणीच त्याला लोटतं, पाणीच ओढतं.
मी मेरशीची, खाजनाच्या काठची,
मला हे कुणी शिकवलं नव्हतं.
तो कानापर्यंत लाल झाला. खोडरबर मागितलं.
म्हटलं, राहू दे, मी करते.

सगळे गेल्यावर बसले.
खोडलं, लिहिलं: खाजन, बांधबंदिस्ती.
खोडलं, लिहिलं.
सत्ताविसाव्या फायलीत, जमाखर्चाच्या मधोमध:

"मानस शाबूद. राखणदार इनास याची मुदत सरली
तरी दारापासून उठेना.
रात्री जागतो, दिवसाही जागतो.
म्हणतो, मी निजलो की पाणी येते.
समजाविण्यास माणूस पाठविला, तांगे चार."

पुढच्या साली राखणीला दुसरं नाव.
इनासचं पुढे काय, ते बहुधा
त्या ओल्या पोत्यात होतं.

खोडरबर हातातच राहिलं.
खाली मांडवीवर कसिनोची बोट भोंगा देत होती.
मग रकान्यात लिहिलं, खाजन, बांधबंदिस्ती,
आणि शेजारी, बारीक अक्षरात,
हेही पाहा: मनोविकार.

नियमानं एकाच फायलीसाठी
वेगळा विषय उघडता येत नाही.
सोमवारी साहेब तपासायला येतील.
पेन्सिलीचं आहे.