अकरा आठवडे उशीर

बुटांवर नोव्हेंबर तसाच होता.
पायरीवर आपटले तर
चिखलाचे खवले सुटून पडले,
एकात चिकटलेलं पान,
कुठल्या झाडाचं, ते आता ओळखू येत नव्हतं.

नाडी बांधायला वाकले, तिथेच पहिली धाप.
ग्रिफ खिडकीत कप विसळत होता,
तोच कप, केव्हापासून.
फाटकापर्यंतच ना? म्हणाला.
बघू, म्हटलं.

एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला,
हॉस्पिटलातल्या मुलीने कागदावर लिहून दिलंय.
एक मिनिट म्हणजे
टेलिफोनच्या लाल खोक्यापासून
दुधाच्या कॅनच्या दगडी ओट्यापर्यंत.
(खोक्यात आता फोन नाही,
बंद पडलेलं काळीज चालू करायचं यंत्र टांगलंय.
मी तिकडे बघितलं नाही.)

मनगटावर घड्याळ थरथरलं:
थांबलात का?
अरे मेल्या, मी धावतेय!

उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी
अजून कुणीतरी राहतं, भाडं न देता.
खोकला आला की कळतं, घरात आहे.
आणि क्वम-बेदोचा हा चढ,
वीस वर्षांचा ओळखीचा,
रात्रीतून कुणी उचलून उभा केला?

वळणावर गॉर्सची पिवळी फुलं.
खोबऱ्यासारखा वास.
आला मला. थांबून पुन्हा घेतला,
घड्याळाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

इड्वल गोठ्याच्या दारात गुडघ्यांवर बसलेला.
मेलेल्या कोकराचं कातडं सोलून
आई गेलेल्या दुसऱ्याला बंडीसारखं चढवत होता,
चार भोकांतून चार पाय.
वर न बघता म्हणाला, उशीर झाला तुला.
अकरा आठवडे, म्हटलं,
दोन शब्दांना दोनदा श्वास घेत.
धर हे, म्हणाला.

मी धरलं.
त्याच्या बरगड्या धडधडत होत्या, माझ्याही,
पण चाल जुळत नव्हती.

मेंढी आली. शेपटापाशी हुंगलं.
पाय आपटला.
पुन्हा हुंगलं.
दम धर, इड्वल म्हणाला.
मला की तिला, ते कळलं नाही.

घरी आणलं त्या रात्री
ग्रिफने माझ्या मानेजवळ नाक नेलं होतं
आणि जरासा मागे सरला होता.
औषधांचा वास येतोय, म्हणाला. चिडायचं काय त्यात.
मलाही येत होता.

मेंढीचं काही ठरेना.
मला थंडी भरायला लागली, निघाले.

उतारावर पाय आपले आपण सुटले.
मी मागे राहिले,
मग धावत जाऊन गाठलं त्यांना.
मोजायचं राहूनच गेलं.
ओटा गेला, खोकं गेलं,
नाक गळतंय, कान झोंबतायत,
पोटात कळ, आणि तोंडातून
हसण्यासारखा काहीतरी आवाज.
कुंपणावरच्या कावळ्याने मान वळवून बघितलं.

दार ग्रिफनेच उघडलं.
हाताला रक्त, लोकर, घाम.
मेंढ्यांत लोळून आलीस का गं? म्हणाला,
आणि तिथेच उभा राहिला,
टॉवेल आणायचं विसरून.

रात्री खूप खोकले.
सकाळी पोटऱ्यांत असे वांब
की जिना उलटा उतरले, कठड्याला धरून,
एकेका पायरीला एकेक शिवी.
कागदावर आज विश्रांती लिहिलीय.
बूट बाहेर ओलेच आहेत, आपटले नाहीत.

जिन्याच्या खिडकीतून वरचं कुरण दिसतं.
कोकरू अजून दुसऱ्याच्या कातड्यात,
मेंढीला अगदी खेटून.
पीत होतं की नुसतंच उभं होतं,
इतक्या लांबून नीट दिसलं नाही.