तिसरी नळी

नेरुळ, सेक्टर वीस. सकाळचे सात पाच.
हिराजी मढवी, वय त्रेसष्ट, दिवाळे गावचे,
उपाशीपोटी, सायकलवर बसायच्या आधी
बाही वर करून विचारतात,
"काय शोदतंस गो बाय रगतान? मावरा?"

पहिली नळी. जांभळं टोपण. बर्फात.

मग चाळीस मिनिटं पायडल.
कुठेही न जाणारी सायकल,
खिडकीबाहेर पाम बीच रोडची घरघर,
आणि त्यांच्या पोटऱ्यांत
वल्ह्यांच्या काळातल्या गाठी, अजून घट्ट.

दुसऱ्या नळीत अ‍ॅलानिन चढलेलं.
म्हणजे असं काका, मी सांगते,
स्नायू राबतो तेव्हा त्याच्या दारात
नायट्रोजनचा कचरा साठतो.
तो उघड्यावर टाकत नाही,
अ‍ॅलानिनच्या होडीत भरून
यकृताच्या धक्क्याला धाडतो.
तिथे ओझं उतरतं,
होडीच्या फळ्यांची साखर होते
आणि साखर परत स्नायूकडे.

"म्हंजे होडी मोडून खातान!"

हो. आणि लगेच नवी बांधतात.
इतकं नीट मला परीक्षेतही लिहिता आलं नव्हतं.

तिसरी नळी दोन तासांनी.
काका तोवर बिस्किटांवरून नर्सशी भांडून झालेले.
या नळीसाठी मी डबा खायचा ठेवते.
इंटरल्युकिन सहा:
सायकलवर उसळलेलं, आता ओहोटीला लागलेलं,
जाताजाता दाह विझवणाऱ्यांना
हाक मारून गेलेलं.

हेच नाव आईच्या रिपोर्टवर आहे.
घणसोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
बोटांची पेरं सुजलेली,
सकाळी नळाची तोटी फिरत नाही.
तिच्यात ते ओसरत नाही.
पाहुणा म्हणून आलं, घरजावई झालं.
तोच रेणू. स्पेलिंगही तेच.

नलावडे मॅडमना विचारलं.
"एका माणसाचं रक्त म्हणजे पुरावा नव्हे, वृषाली.
आणि आईची औषधं थांबवायची नाहीत."
थांबवली नाहीत.
संध्याकाळी फक्त जिन्यावर नेलं तिला.
अकरा पायऱ्या.
उतरताना हात माझ्या खांद्यावर,
चढताना कठड्यावर.
"पुरे," म्हणाली.
पण वर येऊन बसली नाही,
उभ्यानेच लसूण सोलायला घेतली,
सोलवेना, ठेवून दिली.

उद्या बारा म्हणते.
मी वहीत तारीख घालून ठेवली आहे.
शेजारचा रकाना मोकळा.