लांबडं

आई त्याचं नाव घेत नसे. लांबडं म्हणायची,
आणि म्हणताना चुलीकडे बघायची.

मी सहा वर्षांची. तळघरातून बटाटे आणायला धाडलं.
पिंपात कोपरापर्यंत हात घातला
आणि एक बटाटा सरकला.
बास. एवढंच.
चावलं नाही, फुत्कारलं नाही,
गेलं आपल्या वाटेनं.
मी तिथेच राहिले, अठ्ठावन्न वर्षं.

मॅनिटोबाचा आमचा भाग ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते:
इथल्या चुनखडीला आतून भोकं आहेत,
पाणी मुरून मुरून पडलेली,
आणि त्यांत हिवाळाभर लांबडी झोपतात, हजारोंनी,
एकमेकांत गुंतून, गोठण पोचत नाही इतक्या खोल.
बिनविषारी.
हे मला पाद्रीबाबांनी सांगितलंय, डॉक्टरांनी,
पावलोनं तर दर वसंतात.
मी मान डोलवायची
आणि रात्री पांघरूण झटकायची. दोनदा.

घरात रबरी पाईप येऊ दिला नाही.
टोमॅटोंना बादलीनं पाणी.
पावलोचा पट्टा खुंटीला नाही, डब्यात, झाकण लावून.
सुतळीला भ्यायले, सायकलच्या ट्यूबला,
एकदा तर आरशात स्वतःच्याच वेणीला.
साप साप म्हणून लोक भुई धोपटतात म्हणे.
मी भुईवर पाय टेकायलाच कचरायची.

म्हणूनच असेल, शाळेची बस चालवली, एकतीस वर्षं.
बसमध्ये पाय जमिनीपासून वर असतात.
सप्टेंबरात लांबडी बिळांकडे परतायची,
सतरा नंबरच्या रस्त्यावर ऊन खात पसरायची,
डांबर तापलेलं असतं.
मी रेडिओ मोठा करायची.
मागच्या बाकावरून कोरीन देजार्ले मोजायची:
चार. नऊ. चौदा.
एकदा उतरताना म्हणाली,
"तुम्हाला कळतं ना, स्तेफाबाई?"
कळायचं. स्टिअरिंगमधून तळव्यात यायचं.
आणि खरं सांगू,
थोडं बरंही वाटायचं.

यंदा तीच कोरीन दारात, वनखात्याचं जाकीट घालून.
रस्त्याखालून बोगदे काढलेत, म्हणाली,
बाजूनं कुंपण, म्हणजे ती वळून आत शिरतात.
वादळात कुंपण पडलंय, माणसं कमी,
गाड्या थांबवायला कुणीतरी हवं.
"तुम्हाला हा रस्ता पाठ आहे."
नाही म्हणायला मी तोंड उघडलं
आणि बुटांचं माप सांगितलं.

तिसऱ्या दिवशी धुकं. कोरीन पलीकडं खांब ठोकत होती.
एक चुकून वर आलं. करंगळीएवढं जाड,
पाठीवर पिवळी रेघ.
रस्त्याच्या मधोमध आलं आणि गारठ्यानं तिथंच थिजलं.
लांबून लाकडांच्या ट्रकची घरघर.
माझ्या हातात 'थांबा'ची लाल पाटी,
धुक्यात तिचं काय दिसणार.
दांड्यानं ढोसलं. हललं नाही.
मोजा जाड होता, चेंगरलं असतं.
मोजा काढला.

कोरडं होतं.
मला वाटलेलं, ओलं असेल.
इतकी वर्षं मी कुठल्यातरी ओल्या गोष्टीला भीत होते.
बोटांत काहीतरी धडधडत होतं, त्याचं की माझं, कळेना.
मग ऊब लागली तसं ते जागं झालं, वेटाळलं,
आणि माझ्या मनगटावर घाण सोडली,
कुजक्या कांद्यासारखी, चिकट.
भ्यालेलं जनावर आणखी काय करणार.
ट्रक गेला. ड्रायव्हरनं हात केला.
मी त्याला गवतात ठेवलं.
ठेवताना ओरडले की हसले ते कोरीनला विचारा,
मला आठवत नाही.

वास दोन दिवस गेला नाही.
साबण, व्हिनेगर, राख. मग नाद सोडला.
पांघरूण अजून झटकते. एकदा.

काल गावातून पन्नास फुटी पाईप आणलाय, हिरवा.
ओसरीत पडलाय, गुंडाळलेला.
येता-जाता बघते त्याच्याकडे.
बघू. उद्या जोडीन नळाला.