माया

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
बाहेरून दिसत नाही, आत दुमडलेली असते.
माणूस वाढला की उसवून काढता येते.
माणूस आटला तर तशीच राहते, टोचत.

हिलाल बोरसे सर निवृत्त झाले तेव्हा कंबर चाळीस.
पहाटे पाचला निघतात, अमळनेरातून चोपडा रस्त्यानं
मंगळग्रहाच्या मंदिरापर्यंत, आणि परत.
वर्षभरानं दुकानात आले, हात वर करून उभे राहिले,
वजनकाट्यावर राहतात तसे, श्वास धरून.
मी टेप फिरवला. चाळीस.
"भाऊ, टेप जुना व्हयी गया का?"
म्हटलं, सर, तुम्ही कुठवर चालता ते टेपला कळत नाही,
कुठे थांबता ते कळतं.

थांबतात ते स्टँडसमोर,
गरम फाफड्याच्या कढईपाशी, चौघं जण, मिरच्या वेगळ्या.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी
मी पाठीचं माप दोनदा घेतलं.
खांदे मागे गेले होते. पाठ अर्धा इंच कमी,
छाती एक इंच जास्त.
आणि माझा उभा जिना चढून आले होते, तरी बोलत होते.
ह्याला माझ्या वहीत रकाना नाही.
वहीत कंबर असते.

निंबा चौधरींचं उलटं.
लेकीच्या लग्नाआधी भात सोडला, पोळी सोडली.
मळ्यात पऱ्हाटीच्या आगीवर वांगी भाजली जात होती,
बडगीत हिरवी मिरची कुटली जात होती,
आणि हा गडी बांधावर पाठ करून काकडी खात बसला.
चाळिसाची चौतीस, चार महिन्यांत.
सूट मी जीव लावून शिवला.
मांडवात जो तो विचारी, तब्येत बरी नाही का?
पुढच्या वर्षी तोच सूट पिशवीत घालून आले.
"माया शे ना मझार?"
होती. सगळी काढली.
बटण तरी काजापर्यंत पोचलं नाही.

माझं विचाराल, तर अडतीस वर्षं
पायानं मशीन चालवली.
पाय हलवून वजन घटत असतं
तर मी कधीच सुई झालो असतो.
पण सात वर्षांपूर्वी पोरानं मशीनला मोटर बसवून दिली
आणि पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मग आणखी एक.
म्हणजे पाय काहीतरी करत होते, न सांगता.
पण त्याच वर्षी समोर शेवभाजीचं हॉटेलही उघडलं,
तर्रीचा वास थेट माझ्या काजाच्या भोकातून आत येतो.
आता कोणाला धरू, मोटरला की हॉटेलला?
डॉक्टर म्हणतात, ताटाला धरा.
पोरगा म्हणतो, जिमला चला.
दोघांचीही पँट मीच शिवतो, म्हणून गप्प बसतो.

काल रात्री सुमननं माझाच टेप माझ्या पोटाला लावला.
आकडा वाचला नाही. बोटानं खूण धरली,
मग माझ्या ताटातली कळण्याची भाकरी मधोमध मोडून
अर्धी स्वतःच्या ताटात घेतली.
ती अर्धी आता हिच्या अंगाला लागेल,
हे मनात आलं, बोललो नाही.
जेवण झालं, चपला घातल्या.
बोरीच्या पुलापर्यंत गेलो दोघं,
ती पुढे, मी धापा टाकत मागे.
पात्रात पाणी नव्हतं, कोणाचा तरी ट्रॅक्टर होता.
परत फिरताना तिनं विचारलं, "भूक लागनी का?"
लागली होती.

आज स्वतःसाठी पँट कापायला घेतली.
खडू हातात धरून बराच वेळ बसलो.
कंबर कोणती लिहू, आहे ती की व्हावी ती?
शेवटी आहे तीच लिहिली,
माया दोन इंच सोडली,
आणि ती कोणत्या बाजूनं कामाला येईल
ते कापडाला सांगितलं नाही.