ना नफा ना तोटा

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात
तेव्हा माझं तिसरं प्रकरण चालू असतं.
चरवीत धार पडल्याचा आवाज खिडकीतून वर येतो
आणि नंदू झोपेतच विचारते, आली?

पाळण्यातलं नाव राजनंदिनी, पण
साडेतीन वर्षांच्या अंगाला ते अजून ढगळ होतं.

सातला तिचं तोंड पुसायचं, साडेसातला डबा,
आठला समोरच्या जैबुनभाभींच्या दारात सोडायचं
एक बाटली, एक जादा चड्डी
आणि कानतुटक्या सशासकट.
ती रडली तर बस चुकते.
न रडता आत गेली तर
बस मिळते, आणि तावडे हॉटेलपर्यंत
मला सारखं वाटत राहतं, का बरं रडली नसेल.

शिरोलीत, आमच्या फौंड्रीत, काळी वाळू टेबलापर्यंत येते.
मी चलनं करते, बिलं करते,
परत आलेल्या कास्टिंगची वही ठेवते.
भोक पडलेलं. तडा गेलेलं. मापात न बसलेलं.
प्रत्येक नगापुढे कारण लिहावं लागतं.
पाटणकर साहेब म्हणतात, मॅडम,
आता ह्या वयात बीकॉम कशाला?
मी म्हणते, राहिलं होतं.
गॅसवर दूध राहिलं म्हणावं, तसं.

संध्याकाळी नंदू भाभींच्या पायरीवर उभी.
मला बघून अख्ख्या बोळाला सांगते, मी जेवलो!
मी झोपलो! मी पडलो पण!
आमच्याकडं पोरी अशाच बोलतात.
मीही बोलते. तोंडी परीक्षेला सरांनी नाव पुकारलं,
मी म्हटलं, आलो सर,
आणि ते कागदाआड हसले.

तिचा बाप ट्रक घेऊन होसूरच्या पुढं.
व्हिडिओत निम्मा तो, निम्मा डॅशबोर्डवरचा देव.
आज काय शिकलीस, विचारतो.
दोघींना एकदमच विचारतो.
उत्तर नंदू देते.

पेपरच्या आदल्या रात्री
भाकरी थापून हात धुईपर्यंत
तिनं माझ्या कॉस्टिंगच्या पुस्तकात म्हैस काढली.
जांभळ्या स्केचपेननं, पान एकशे बारा,
विक्रीची रेघ खर्चाच्या रेघेला छेदते तिथं.
पुस्तक आडवं धरलं की
नफ्याच्या जागी शिंगं,
तोट्याच्या जागी तोंड,
स्थिर खर्चाच्या रेघेचं तिनं दावं केलेलं.
आणि जिथं फुली पडते तिथं टिळा,
इतका दाबून की पलीकडच्या पानावर उतरलेला.

मी ओरडले.
पुस्तक लायब्ररीचं होतं. मी दमले होते. दोन्ही खरं.
ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली,
म्हशीला जागाच नव्हती.

मग अभ्यास झालाच नाही.
तिच्या पाठीवर हात ठेवला, एवढं आठवतं,
त्यानंतर एकदम चरवीचा आवाज.

प्रश्न चौथा, दहा गुण:
ना नफा ना तोटा बिंदू आकृतीसह स्पष्ट करा.
व्याख्या आठवेना. सूत्र आठवेना.
पंख्याखाली पुरवणी फडफडत होती.
मी तिला आडवी केली
आणि पट्टी न घेता आधी शिंगं काढली,
खाली तोंड, शेजारी दावं.
कागद सरळ केला, अक्षांना नावं दिली.
मागनं व्याख्या आली,
सावकाश, रवंथ करत.
टिळ्याच्या जागी बिंदू देताना
पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

कसा गेला पेपर, भाभींनी विचारलं.
मी नाय गेलो, नंदू म्हणाली, मम्मी गेल्ती.

पुस्तक अजून परत केलेलं नाही.
दिवसाला एक रुपया दंड चढतोय.
तेवढा मी खर्चात धरून ठेवलाय.